ओमानी कलीगने ईदला गावी बोलावलंय, तिकडे नक्की काय खातात आणि कसं वागायचं?

वाळूतला_वऱ्हाडी

नमस्कार मंडळी. मला मस्कतला येऊन सात महिने झाले, बायको मागच्या महिन्यात आली. ऑफिसातला एक ओमानी कलीग आहे, त्याचं गाव इब्राच्या पुढे बिदियाकडे, जिथून वाळूच्या टेकड्या सुरू होतात तिथे. परवा चहा पिता पिता त्याने सांगून टाकलं की मोठ्या ईदला दोघांनी गावी यायचं, मुक्काम करायचा, शुवा (त्यांचं ते खड्ड्यात शिजवलेलं मटण) खाल्ल्याशिवाय परत जायचं नाही. मी हो म्हणून मोकळा झालो आणि घरी आल्यावर टेन्शन आलं.

टेन्शन अशासाठी की मी सावजी खाऊन वाढलेला माणूस, मला काही प्रॉब्लेम नाही, पण बायको पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ती म्हणते दोन दिवस काय खजुरावर काढू का. दुसरं म्हणजे मी आजवर अरबी जेवण म्हणून जे खाल्लं ते हॉटेलातली मंदी (ती भात-मटणाची), शवर्मा आणि हमुस, आणि आता एक सीनियर म्हणतो की यातलं काहीच ओमानी नाही, मंदी येमेनची, हमुस लेबनॉनकडचं. मग यांचं स्वतःचं काय? सगळे एकाच ताटात खातात म्हणे, त्याचे काही नियम असतात का? आणि एक बावळट प्रश्न, पण विचारतोच, या रखरखाटात पूर्वी लोक जगले कशावर? माझ्या डोक्यात खजूर आणि उंट याच्या पुढे गाडीच जात नाही.

मस्कतची_माई

अरे पहिले तर जा. नक्की जा. मला इथे चोवीस वर्षं झाली, मुलं इथेच मोठी झाली, आणि जे काही खरं ओमानी जेवण मी जेवले ते लोकांच्या घरी, हॉटेलात फार कमी.

गेल्या गेल्या जेवण नसतं हे लक्षात ठेव. आधी फळं, खजूर, हलवा आणि काहवा, या सगळ्याला मिळून फुवाला म्हणतात. काहवा म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची, वेलची घातलेली कडू कॉफी, कधी त्यात गुलाबपाणी. कप म्हणजे फिंजान, बिनकानाचा, आपल्या देव्हाऱ्यातल्या वाटीएवढा, आणि तोही तळाशी थोडासाच भरतात. पाहुण्याचा कप काठोकाठ भरणं बरं दिसत नाही. वाढणारा डाव्या हातात दल्ला म्हणजे ती चोचीची किटली धरतो आणि उजव्या हाताने कप देतो, तू पण उजव्याच हाताने घे. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, नको असेल तेव्हा कप परत देताना दोन-तीनदा हलवायचा, डावीकडे उजवीकडे. नुसतं "बस बस" म्हणून चालत नाही, हलवला नाही तर तो भरतच राहणार. माझ्या सासूबाईंना हे सांगायचं राहून गेलं होतं, त्या बिचाऱ्या पाहुण्यांचा मान म्हणून पीत राहिल्या, रात्री अडीचला माझ्याशी भांडी घासण्याच्या पावडरवर चर्चा करत होत्या. या काहव्याला युनेस्कोने २०१५ मध्ये त्यांच्या वारशाच्या यादीत घेतलं, ओमान, सौदी, अमिराती आणि कतार अशा चौघांच्या नावावर मिळून.

हलवा चमच्याने नाही, तीन बोटांनी उचलायचा. स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी, तांब्याच्या मोठ्या हंड्यात दोन-दोन तास न थांबता घोटतात. आपल्या कराची हलव्याचा मऊ, काळपट, तुपाळ भाऊ समज.

आता तुझ्या बायकोचं. त्याला आजच सांगून ठेव, लाजू नको. इथल्या लोकांना शाकाहारी हा प्रकार चांगला माहीत आहे, पिढ्यानपिढ्या कच्छी भाटिये इथे दुकानं मांडून बसलेत. पण दोन ठिकाणी फसगत होते. एक भात, तो दिसायला नुसता पिवळा भात असतो पण मटणाच्या पाण्यात शिजवलेला असतो. दुसरं हरीस, दिसतं गव्हाच्या खिरीसारखं, वर तुपाचं तळं, आणि आत मांस गव्हाबरोबर इतकं घोटलेलं असतं की कळतच नाही. अरसिया पण तसंच, भात आणि मटण घोटून केलेलं, आपल्या गुरगुट्या भातासारखं दिसतं. तिने खावं असं म्हणशील तर रखाल नावाची पापडासारखी पातळ रोटी, मध, ताक (इथे लबन म्हणतात), डाळ, भाज्यांचा सालूना म्हणजे रस्सा, आणि दंगो म्हणजे लाल मिरची घालून उकडलेले छोले. उपाशी राहणार नाही ती.

बायका आणि पुरुष वेगळे बसतील. पुरुषांच्या बैठकीच्या जागेला ओमानात सबला म्हणतात, नावावर जाऊ नको, तिथे सगळे पुरुषच असतात.

बॅगपॅक_बंड्या

मी दोन वर्षं होतो तिकडे. खरं सांगू का, फार एक्साईट होऊ नका. मटण आणि भात, भात आणि मटण. तिखट नाही, फोडणी नाही. मी तर बॅगेत लसणाची चटणी घेऊन फिरायचो.

मुशीचं_सुकं

बंड्याभाऊ, दोन वर्षं कुठल्या हॉटेलात जेवलात कोण जाणे. आखाती देशांत मसाल्याच्या बाबतीत सगळ्यात आपल्या जवळचा देश कुठला असेल तर ओमानच. तिखटाचा जाळ नाही मान्य, पण लवंग, दालचिनी, वेलची, धने, जिरे, मिरी हे सगळं घरोघरी असतं, त्यांच्या मसाल्याच्या मिश्रणाला बिझार म्हणतात. आणि यामागे कारण आहे. ओमानला वाळवंटाचा देश म्हणतो आपण, पण माणसं राहिली किनाऱ्यावर आणि डोंगरातल्या ओअसिसमध्ये, आणि किनाऱ्यावरच्यांचं अर्धं आयुष्य गलबतावर. मान्सूनच्या वाऱ्यावर मलबार, कोकण, कच्छ, आणि उलट दिशेला आफ्रिका. तांदूळ तिकडे पिकत नाही, तो आपल्याकडून जायचा. सुलतान सईदने एकोणिसाव्या शतकात राजधानीच झांझिबारला हलवली होती, तिकडे लवंगांच्या बागा लावल्या. म्हणून आज पण मस्कतमध्ये स्वाहिली बोलणारी ओमानी कुटुंबं आहेत, त्यांच्या घरी नारळाच्या दुधातलं कालवण असतं आणि सकाळी मंदाझी, म्हणजे गोडसर फुगलेली पुरी म्हणा. आणि फार जुनं कशाला, १९७० पर्यंत तिथे गल्फ रुपया चालायचा, आपल्याच रिझर्व बँकेने १९५९ मध्ये काढलेला.

मी मूळचा मालवणकडचा, मत्रहच्या मासळी बाजारात पहिल्यांदा गेलो तर वाटलं आपल्याच मच्छीमार्केटात आलोय. सुरमई, तिकडे कनअद म्हणतात, अख्खी भाजून लिंबाच्या भातावर देतात, त्याला मशुई म्हणतात. सुरमईवर दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते, त्या दोन महिन्यांत मी नेमका व्हिसा घेऊन पोचलो होतो, नशीब.

पण मला खरी आपुलकी वाटली ती सुक्या मासळीशी. मुशी, म्हणजे छोटा शार्क, मीठ लावून वाळवतात आणि मग शिजवून, बारीक करून, कांदा-लिंबू घालून भाताबरोबर खातात. त्याला अवाल म्हणतात. पहिल्यांदा एका घरात तो वास आला आणि मी दारातच थांबलो, आजीचं स्वयंपाकघर आठवलं. ओल्या मासळीची खारवलेली आवृत्ती म्हणजे मालेह. तारल्या तर किनाऱ्यावर वाळूतच पसरून वाळवतात, माणसं खातात आणि उंट-गायीसुद्धा खातात, खोटं वाटलं तर सलालाकडे जाऊन बघा.

लोकं जगली कशावर याचं उत्तर यातच आहे. जे टिकतं ते खाल्लं. सुका मासा, सुका खजूर, सुकं लिंबू. ते काळं लिंबू, लूमी, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात, वजनाला पिसासारखं हलकं होतं, फोडलं की आत काळा मऊ गर. आमटीत एक टाका, जो आंबटपणा येतो त्याला आमसूलवाल्याने पण दाद द्यावी. इराणी लोक तर त्याला लीमू अमानीच म्हणतात.

बॅगपॅक_बंड्या

लूमी मान्य. बाकी मी कंपनीच्या कॅन्टीनवर होतो हे खरंय 😅

जबलच्या_वाटेवर

शुवाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. मी निझवाला सहा वर्षं होतो, तीन ईदी बघितल्यात.

ईदच्या आठवडाभर आधी हब्ता भरतो, म्हणजे ईदचा जनावरांचा बाजार. निझवाला एरवी पण दर शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार असतो. मधे गोल कट्टा, त्यावर आणि बाहेरच्या कडेला गिऱ्हाईकं बसलेली, आणि विकणारे दोरी धरून बकरी घेऊन मधल्या गोल रस्त्याने फेऱ्या मारतात, भाव ओरडत. कुणाला आवडली की थांबवायचं, दात बघायचे, पाठ चाचपायची, मग ठरवायचं. आपल्याकडच्या बैलबाजाराची सवय असलेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही.

ईदचे दिवस जेवणाने मोजतात. साधारण असं की पहिल्या दिवशी अरसिया, मग मिश्काक म्हणजे निखाऱ्यावर काडीला लावलेलं मटण, आणि मग शुवा. पण प्रत्येक गावचं वेगळं, आमच्या वाडीत पहिल्याच संध्याकाळी खड्ड्यात टाकायचे, शेजारच्या गावात दुसऱ्या दिवशी, आणि दोन्ही गावं एकमेकांना नावं ठेवायची.

मटणाला लसूण, व्हिनेगर, मिरची आणि सगळा खडा मसाला वाटून चोपडतात, रात्रभर मुरवतात, मग केळीच्या पानात गुंडाळून खजुराच्या झावळ्यांच्या विणलेल्या पोत्यात भरतात. प्रत्येक घराचं पोतं वेगळं, तारेने खूण बांधलेली, कारण खड्डा असतो सगळ्या मोहल्ल्याचा मिळून एक. माणूस आत उभा राहिला तर दिसणार नाही एवढा खोल. दुपारपासून त्यात लाकडं जाळतात, ज्वाळा संपून नुसते निखारे उरले की सगळे आपापली पोती घेऊन कडेला उभे राहतात, आणि कुणीतरी ओरडलं की धडाधड आत. इथे घाई बघण्यासारखी असते, कारण हवा मिळाली तर पोती पेट घेतात आणि वर्षाचं मटण कोळसा होतं. लगेच लोखंडी झाकण, त्यावर ओली माती, मग कुठून धूर निघतोय का ते बघत पोरं भोवती फिरतात, दिसला की मातीचा गोळा थापायचा. एक दिवस ते दोन दिवस तसंच. बाहेर काढल्यावर हाड हातात येतं आणि मटण पानावर राहतं.

तू वऱ्हाडातला ना, रोडगे माहीत असतील. शेतात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे आणि वांगी टाकून पंगत करतो तसलाच प्रकार आहे हा, एकट्या घराने करायचा नाही, सगळ्यांनी मिळून करायचा.

आणि तू विचारलंस पिकवलं काय. पाणी होतं की. डोंगराच्या पोटातून पाणी उतारावरून कालव्याने गावात आणतात, पंप नाही काही नाही, त्याला फलज म्हणतात. देशात साधारण तीन हजार फलज अजून चालू आहेत, त्यातल्या पाचांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा केलं, निझवाजवळचा फलज दारीस त्यातला एक. पाणी गावात शिरलं की आधी पिण्याला, मग मशिदीला, आंघोळीला, मग खजुराच्या बागा, आणि शेवटी उरलं तर गहू, भाजी, चारा. पाण्याची पाळी वेळेवर मोजतात, अर्ध्या तासाच्या वाट्याला अथर म्हणतात, दिवसा सावली बघून आणि रात्री तारे बघून मोजायचे पूर्वी. धुळ्याकडच्या लोकांना फड पद्धत आठवेल. खजुराच्या सावलीत केळी आणि लिंबू, त्याखाली गवत, म्हणजे एकाच पाण्यावर तीन मजले. वर जबल अखदरच्या डोंगरावर गुलाब आणि डाळिंबं. मार्च-एप्रिलमध्ये गुलाबपाणी काढतात तेव्हा मातीच्या भट्ट्यांनी घरं आतून काळी झालेली असतात आणि अंगाला तीन दिवस वास राहतो. हलव्यात जातं ते हेच.

निझवाचा किल्ला बघितलास तर खजुराची कोठी नक्की बघ. पोती एकावर एक रचायची, वजनाने खालच्यातून पाक गळायचा आणि जमिनीतल्या चरांतून मडक्यात जमा व्हायचा. शत्रू आला तर तोच उकळून वरच्या भोकातून डोक्यावर. गोड मरण.

सलालाकर

दक्षिणेला विसरू नका राव. ढोफार वेगळंच जग आहे. जून ते सप्टेंबर खरीफ, म्हणजे रिमझिम पाऊस आणि धुकं, डोंगर हिरवेगार, रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपई, क्षणभर वाटतं वेंगुर्ल्यात उतरलो. तिथे मटण तापलेल्या दगडांवर भाजतात, मधबी म्हणतात, मसाला नाही नुसतं मीठ, आणि बंड्याला आवडणार नाही पण मला तेच जास्त आवडतं. उंटाचं मांस चरबीत मुरवून महिनोन्‌महिने टिकवतात ते मआजीन. आणि तिथला लोबान, धूप घालायचा तोच, चांगल्या प्रतीचे खडे रात्री पाण्यात टाकून सकाळी पाणी पितात. मी पिऊन बघितलं, देवळात बसून पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

खारेकबाजार

मी सहसा नुसतं वाचतो पण बिदिया नाव वाचून राहवलं नाही. आमचा तीन पिढ्यांचा सुकामेव्याचा धंदा, मशीद बंदरला. तिथल्या एका गल्लीचं नावच खारेक बाजार आहे.

बिदिया आणि आसपासचा शर्कियाचा भाग म्हणजे खारकेचं माहेर. तिथे खजुराची मबसली नावाची जात आहे. ती पिकू देत नाहीत. जूनच्या शेवटी-जुलैत घड पिवळे, कच्चे, तुरट-गोड असतानाच उतरवतात आणि तांब्याच्या मोठ्या कढयांत उकळतात. याला तबसील म्हणतात, जातीचं नाव त्याच्यावरूनच. उकळलं की पिकणं थांबतं, मग उघड्या माळावर पसरून कडक उन्हात वाळवायचं. सुरकुतलेली, टणक, खडखड वाजणारी खारीक तयार. गंमत म्हणजे ओमानी माणूस स्वतः ती फार खात नाही. तो मऊ खजूर खातो, खलास, फर्द, खुनैझी, आणि हंगामाची पहिली नघाल. खारीक बनवतात ती मुख्यतः आपल्यासाठी. त्याच्या डोक्यात प्रश्न असतो की या लोकांना दगडासारखा खजूर लागतो कशाला, आणि आपल्याला ती ओटीत लागते, डिंकाच्या लाडवात लागते, बाळंतिणीला लागते, उपासाला लागते.

वडील सांगायचे की आजोबांच्या वेळी माल गलबताने यायचा, आणि खारकेचा हंगाम आणि मान्सून संपून समुद्र मोकळा व्हायची वेळ बरोबर जुळायची. उन्हाळ्यात वाळवायची, पावसाळा संपला की हाकारायची, दिवाळीच्या आसपास बाजारात आणि थंडीत लाडवात.

एक खरं सांगितलं पाहिजे, बाजारातली सगळी खारीक ओमानची नसते. खूप मोठा वाटा पाकिस्तानातल्या खैरपूर-सुक्करचा असायचा, २०१९ मध्ये तिथल्या मालावर २०० टक्के ड्यूटी लागली आणि बाजारात रातोरात भाव उलटेपालटे झाले. ओळखायची कशी ते विचारू नका, ते हातात घेऊनच कळतं, आणि धंद्याचं गुपित पण आहे थोडं.

वाळूतला_वऱ्हाडी

बाप्पा! काय लिहिता राजेहो तुम्ही. सगळं बायकोला वाचून दाखवलं. हरीसचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. त्याला आज सांगितलं शाकाहाराचं, तो हसून म्हणाला की माझ्या आजोबांचा हिशोब लिहिणारा माणूस गुजराती होता, आम्हाला माहीत आहे, डाळ करू. खारेकबाजार, तुमचं वाचून अंगावर काटा आला, आमच्या लग्नात ओटीत पडलेली खारीक कुठनं आली असेल कोण जाणे.

शेवटचा प्रश्न, जाताना काय न्यावं?

मस्कतची_माई

मिठाई ने. काजूकतली सगळ्यांना आवडते. मुलांसाठी काहीतरी वेगळं. फक्त खजूर नेऊ नको, तो नागपूरला संत्री नेल्यासारखा प्रकार होईल. आणि ताटात आपल्या समोरचंच खायचं, मधे हात घालायचा नाही, चांगले तुकडे यजमान स्वतः तुझ्याकडे सरकवत राहील, ते खायचे. तळवे कुणाकडे करून बसायचं नाही. मांडी घालून बस, आपल्याला सवय आहेच.

वाळूतला_वऱ्हाडी

जाऊन आलो मंडळी. दोनचे तीन दिवस झाले, सोडलंच नाही त्यांनी.

आधी कबुलीजबाब. माईंनी एवढं बजावून सांगितलं आणि मी कप हलवायला विसरलो. काहवा वाढणारा पोरगा असेल दहा-अकराचा, तो फुटबॉलबद्दल काहीतरी सांगत होता, मी ऐकत होतो आणि कप पुढे करत होतो. सात झाले. आठव्याला कलीगनेच माझं मनगट धरून हलवलं आणि सगळा सबला हसला. रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या, सगळे घोरत होते आणि मी एकटा तारे मोजत पडलो होतो, फलजच्या पाण्याची पाळी सांगायला मला ठेवलं असतं तरी चाललं असतं.

शुवाचा खड्डा घराच्या मागे नाही, वस्तीच्या टोकाला. आमचं पोतं टाकताना मलाही एक बाजू धरायला दिली, आच इतकी की हाताचे केस जळाले, वास अजून येतोय असं वाटतं. उघडताना मात्र मजा झाली. दोन पोत्यांच्या खुणेच्या तारा जळून तुटल्या होत्या, आता कुठलं कुणाचं? दोन म्हातारे पोती मधे ठेवून वाद घालायला लागले, एक म्हणे माझ्या बकरीचं हाड मोठं होतं, दुसरा म्हणे माझ्या मसाल्यात वेलची जास्त आहे, खाऊन बघा. मग दोन्ही पोती तिथेच उघडली, सगळ्यांनी चाखून बघितलं आणि निकाल लागायच्या आधी एक पोतं अर्धं संपलं. चव सांगायची तर सावजीसारखी अंगावर येत नाही. हळूहळू येते. धूर, लवंग, आणि शेवटी आंबट. मी तीन वेळा घेतलं, चौथ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, सरळ टाकलं.

बायकोचं तर माझ्यापेक्षा भारी झालं. बायकांच्या बाजूला कलीगची आई रखाल करत होती. सैलसर पीठ मुठीत घेऊन तापलेल्या लोखंडी तव्यावर सरळ हाताने गोल पसरवायचं, पातळ थर तव्याला चिकटतो आणि जास्तीचं पीठ मुठीत परत येतं. आमच्याकडच्या मांड्यासारखं पातळ, पण कडक. हिला वाटलं जमेल, आपण धिरडी करतोच की. दोन बोटं भाजली, पहिली रोटी फाटली, दुसरी जाड झाली, तिसरीला म्हातारीने टाळी वाजवली. तूप आणि मध घालून तिने इतक्या खाल्ल्या की आता इथे तवा शोधत फिरतेय. डाळ खरंच केली होती, त्यात लूमी टाकलेली, आणि ती आता आमच्या घरी पण पडणार असं दिसतंय. भाषा एकमेकींना येत नव्हती, पण निघताना दोघींनी एकमेकींना कसलीतरी रेसिपी सांगितली म्हणे. कुठल्या भाषेत ते विचारू नका.

तबसील काही बघायला मिळालं नाही. घड अजून हिरवे होते, झाडांखाली भट्ट्या रिकाम्या, कढया पालथ्या घातलेल्या. कलीगच्या काकाने दाखवलं कुठे उकळतात, कुठे पसरतात. मी विचारलं तुम्ही खाता का, त्याने तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं, हिंद, हिंद. खारेकबाजार, तुम्ही म्हणाला तस्संच. निघताना गेल्या वर्षीची पाच किलो खारीक पिशवीत घालून दिली आणि एक हलव्याचा डबा.

घरी येऊन व्हिडिओ कॉलवर आईला मोठ्या कौतुकाने खारीक दाखवली, कुठून आणली, कशी उकळतात, सगळं सांगितलं. आई म्हणे, अरे ही तर आपल्या चौकातल्या किराणावाल्याकडे पण मिळते, एवढ्या दुरून ओझं काहून आणता?

माई, तो हलवा फ्रीजमध्ये ठेवायचा का?

मस्कतची_माई

अजिबात नको, दगड होईल. बाहेरच ठेव, टिकतो. आणि लवकर संपव, नाहीतर आम्हाला बोलाव.